गाडी सेल्फ घेते, पण चालू होत नाही: दोष शोधायचा कसा?

गाडी बंद पडली म्हणून गॅरेजला फोन लावला की जाणता मेकॅनिक आधी एकच विचारतो, "साहेब, सेल्फ फिरतोय का?" पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. चावी फिरवल्यावर नुसतं 'टक' झालं किंवा काहीच झालं नाही, तर दोष बॅटरीत, टर्मिनलमध्ये, सेल्फच्या मोटरमध्ये नाहीतर तिथपर्यंत जाणाऱ्या वायरिंगमध्ये असतो. तो विषय वेगळा. सेल्फ जोमाने फिरतोय, त्याच्याबरोबर इंजिनही फिरतंय, पण काही केल्या पेट घेत नाही, अशा गाडीबद्दल इथे बोलायचं आहे.

अशा गाडीवर आपल्याकडे सर्वात आधी होतो तो धक्क्याचा प्रयोग. चार माणसं जमतात, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला जातो, गाडी दोन हिसके देते आणि उभी राहते. धक्का मारून आपण करतो काय, तर चाकांच्या जोरावर इंजिन फिरवतो. ते काम सेल्फ आधीपासून करतोच आहे. बॅटरी उतरली असेल तर धक्क्याचा उपयोग होतो. सेल्फ ठणठणीत फिरत असेल तर मुळीच होत नाही. आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा पट्टा, तुटलेला असेल, तर त्या धक्क्याने इंजिनाचं जबर नुकसान होऊ शकतं.

तितकीच वाईट सवय म्हणजे पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहणं. सेल्फची मोटर सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये आणि दोन प्रयत्नांच्या मधे तिला अर्धा-एक मिनिट तरी थंड होऊ द्यावं. दरम्यान, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढत असतं, आणि बरंचसं सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साचतं. इंजिन चालू झालंच, तर ते तिथे जळतं आणि तो महागडा भाग तापून खराब होतो. म्हणून दोन-तीन प्रयत्न झाले की थांबावं आणि विचार करावा.

इंजिनाला हवं तरी काय?

पेट्रोल इंजिन हवा आणि पेट्रोल आत ओढतं, पिस्टनने ते मिश्रण दाबतं, प्लगची ठिणगी पडते, स्फोट होतो आणि जळका धूर बाहेर जातो. साधारण १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याहून थोडी कमी. म्हणजे चार गोष्टी हव्यात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. गॅरेजच्या भाषेत ठिणगीला 'करंट' आणि दाबाला 'कॉम्प्रेशन' म्हणतात. या चारही गोष्टी हजर असून चालत नाही, त्या नेमक्या वेळी यायला लागतात. पिस्टन वर आलेला नसताना ठिणगी पडली तर तिचा काही उपयोग नाही.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला कार्ब्युरेटर होता. थंडीत चोक ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, आणि पेट्रोल किती जायचं ते बऱ्याच अंशी चालवणाऱ्याच्या हातात असायचं. आता तो निर्णय ईसीएम घेतो, म्हणजे गाडीचा छोटा संगणक. इंजिन किती वेगाने फिरतंय, पिस्टन कुठे आहे, इंजिन किती गरम आहे, हवा किती येतेय, हे तो सेन्सरकडून विचारून घेतो आणि मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडतो, प्लगला वीज देणाऱ्या कॉइलला ठिणगी सोडायला सांगतो. म्हणून आजच्या गाडीत पेट्रोलही आहे, प्लगही चांगले आहेत, तरी गाडी चालू होत नाही असं सर्रास घडतं. ईसीएमला खात्री पटेल अशी माहितीच मिळालेली नसते, म्हणून तो गप्प बसतो.

बॉनेट उघडण्याआधी

चावी 'ऑन'वर आणा, पण सेल्फ मारू नका. मीटरकडे बघा. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा, ज्याला सगळे चेक इंजिन लाइट म्हणतात, तो या वेळी लागलाच पाहिजे. लागला म्हणजे ईसीएम जागा आहे. दिवा लागलाच नाही, तर बहुधा ईसीएमलाच वीज मिळत नाही: मेन रिले (विजेवर चालणारा स्विच), त्याचा फ्यूज किंवा अर्थची वायर. ही एका क्षणाची तपासणी कित्येक जण करत नाहीत. मग प्लग काढले जातात, टाकी उतरवली जाते, आणि शेवटी फ्यूज उडालेला सापडतो.

त्याच मीटरवर चावीची किंवा कुलपाची खूण असलेला दिवा भराभर लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, गाडी अडवून ठेवली आहे. चावीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. ती गाडीला ओळख पटवते, तेव्हाच ईसीएम इंजेक्टर सोडतो. काही गाड्यांत ओळख पटली नाही तर सेल्फही फिरत नाही. काहींत सेल्फ बिनधास्त फिरतो, इंजिन मात्र चालू होत नाही, किंवा क्षणभर चालू होऊन लगेच बंद पडतं. घरातली दुसरी चावी लावून बघणं हा यावरचा फुकटचा उपाय. साध्या चावीतल्या त्या चिपला सेल लागत नाही, त्यामुळे रिमोटचा सेल संपला म्हणून इमोबिलायझर अडवत नाही. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत मात्र रिमोटचा सेल मरगळला की गाडी त्याला ओळखत नाही. अशा वेळी रिमोट थेट बटणाला टेकवून किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी ठेवून चालू करायची सोय बहुतेक कंपन्यांनी दिलेली असते.

पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवतोय म्हणून पेट्रोल आहेच, असं धरून चालू नका. टाकीतला फ्लोट अडकला की काटा खोटं बोलतो. गाडी उतारावर उभी असेल तर थोडं उरलेलं पेट्रोल पंपापासून लांब जातं. शंका असेल तर चार-पाच लिटर घालून बघणं हे कुठलाही पार्ट बदलण्यापेक्षा स्वस्त.

फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. अपघात झाल्यावर पेट्रोलचा पुरवठा आपोआप तोडणारा एक स्विच त्यांत असतो. जोरदार खड्ड्यात चाक आदळलं तरी तो कधी कधी सुटतो. वरचं बटण दाबलं की गाडी पूर्ववत. मात्र दाबण्याआधी खाली वाकून पेट्रोल गळत नाही ना, हे बघायलाच हवं.

आणि बॅटरी. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली, असं नाही. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती खाली येते, पण ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. त्याच्या खाली गेली की सेल्फ कण्हत का होईना फिरतो, पण त्याच वेळी ईसीएम आणि कॉइल यांना पुरेशी वीज उरत नाही. आवाज नेहमीपेक्षा जड आणि संथ वाटत असेल, सेल्फ मारताना मीटरचे दिवे विझल्यासारखे होत असतील, तर बाकी काही उघडण्याआधी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्पर केबल लावून बघा.

कान द्या

इग्निशन ऑन केलं की टाकीतला पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि लाइनमध्ये दाब भरून थांबतो. काही नव्या गाड्यांत तो ड्रायव्हरचं दार उघडल्यावरच चालतो. मागच्या सीटवर एकाला बसवा, एसीचा पंखा आणि रेडिओ बंद करा आणि चावी ऑन करा. सीटखालून 'झीं' असा बारीक आवाज यायला हवा. आला, तर पंपाला वीज मिळतेय आणि तो फिरतोय. नाही आला, तर पंप मेला असं लगेच म्हणू नका. आधी त्याचा फ्यूज बघा, मग रिले. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर कुठला रिले कशाचा हे छापलेलं असतं. बहुतेक गाड्यांत हॉर्नचा किंवा एसीचा रिले त्याच जातीचा असतो. तो काढून पंपाच्या जागी लावून बघा. गाडी चालू झाली, तर काही शे रुपयांत काम झालं.

दुसरा ऐकायचा आवाज खुद्द सेल्फचा. चांगल्या इंजिनाला सेल्फ फिरवतो तेव्हा आवाजात एक ठेका असतो. प्रत्येक सिलिंडर दाबला जाताना सेल्फला जोर लागतो, सुटताना मोकळं वाटतं: 'घर्र, घर्र, घर्र'. तो ठेका नाहीसा होऊन सेल्फ एकसारखा, सुळकन, नेहमीपेक्षा भरभर फिरत असेल, तर सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही. याचं नेहमीचं कारण तुटलेला किंवा दाते झिजलेला टायमिंग बेल्ट. हा आवाज एकदा ओळखता यायला लागला की विसरत नाही. तो ऐकू आला की त्याच क्षणी थांबा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जिथे असतील तिथे थांबतात, पिस्टन मात्र सेल्फबरोबर वर येत राहतो. बऱ्याच इंजिनांत दोघांची टक्कर होते आणि व्हॉल्व्ह वाकतात. कंपनीनुसार ६० हजार ते १ लाख किलोमीटरला किंवा ठरावीक वर्षांनी हा बेल्ट बदलायचा असतो, आणि जुनी गाडी घेताना याचा हिशेब बहुतेक जण विचारतच नाहीत. सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो. अनेक इंजिनांत साखळी असते, जी सहसा अशी एकाएकी तुटत नाही.

पेट्रोल येतंय का?

पंप गुणगुणतो म्हणजे दाब आहे, असंही नाही. नेहमीच्या इंजेक्शनच्या गाडीत लाइनमध्ये साधारण ३ ते ४ बार दाब लागतो. झिजलेला पंप आवाज तर करतो, पण दीड-दोन बारवर थकतो. फिल्टर तुंबला तरी तेच. हे फक्त गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावूनच कळतं. आणि पाइप असाच खोलू नका: त्यात दाबाखाली पेट्रोल असतं, ते अंगावर आणि गरम इंजिनावर उडतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या (डायरेक्ट इंजेक्शन) गाड्यांमध्ये टाकीतल्या पंपापुढे आणखी एक जास्त दाबाचा पंप असतो. तिथे रस्त्यावर हात घालायचाच नाही.

रस्त्यावर गेज नसताना मेकॅनिक एक युक्ती करतात. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये कार्ब्युरेटर क्लीनरचा छोटा फवारा मारतात आणि सेल्फ मारतात. इंजिनाने एक-दोन सेकंद पेट घेतला आणि पुन्हा बंद पडलं, तर एका झटक्यात तीन गोष्टी कळल्या: करंट आहे, कॉम्प्रेशन आहे, टायमिंग बरोबर आहे. पेट्रोलच येत नाही. ही चाचणी माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे, पण हे ज्वलनशील द्रव्य आहे. सवय असलेल्याच्या हातूनच करून घ्यावी, आणि डिझेल गाडीत तर करूच नये.

आपल्याकडे सीएनजी गाड्यांचा एक खास घोळ आहे. पुण्या-मुंबईत रोज दिसतो. बहुतेक सीएनजी गाड्या चालू पेट्रोलवर होतात आणि इंजिन जरा गरम झाल्यावर गॅसवर जातात. टाटाच्या काही मॉडेलप्रमाणे थेट सीएनजीवर चालू होणाऱ्या गाड्या त्याला अपवाद. चालवणारा मात्र पेट्रोल वाचवायचं म्हणून टाकी कायम रिझर्व्हवर ठेवतो. टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळेच. पेट्रोल तळाशी गेलं की तो तापतो आणि लवकर जातो. शिवाय तेच चार लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्यातला चटकन पेटणारा हलका भाग उडून जातो. मग एके सकाळी गॅसची टाकी भरलेली आहे, सेल्फ फिरतोय, आणि गाडी ढिम्म. काही किटमध्ये स्विच दाबून धरून गॅसवरच चालू करायची सोय असते. ती आपल्या गाडीत आहे का, हे घरी असतानाच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. आणि पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. ते महिन्याकाठी थोडं वापरलंही गेलं पाहिजे.

पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी हाही खरा दोष आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी असलं तर ते मिसळून जळूनही जातं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तो नेमका तळातूनच. पेट्रोल भरून चार-पाच किलोमीटरवर गाडी अडखळत बंद पडली आणि परत चालू होत नसेल, तर काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून स्थिर ठेवा. दोन थर दिसले की दोष सापडला. आता टाकी साफ करण्यावाचून गत्यंतर नाही. पेट्रोल भरल्याची पावती जपून ठेवा.

प्लग काय सांगतो

प्लग बाहेर काढून हातात घेतला की बरंच कळतं. पाच-सहा सेकंद सेल्फ मारून लगेच प्लग काढा. टोक कोरडं असेल, पेट्रोलचा वास नसेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. टोक ओलं असेल, नाकाजवळ नेताच पेट्रोलचा वास भपकन येत असेल, तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही: करंट नाही, किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झालंय. पांढऱ्या चिनीमातीच्या भागावर काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोकावर न पडता त्या तड्यातून पळ काढतेय. टोकाच्या दोन धातूंमधली फट झिजून वाढली असेल, तर थंडीत आणि उतरत्या बॅटरीवर ठिणगी उडी मारू शकत नाही.

ओल्या प्लगच्या गाडीला 'ओव्हर झाली' म्हणतात. कमी अंतरासाठी गाडी चालू केली, अर्ध्या मिनिटात बंद केली आणि पुन्हा लावायला गेलं की हे हमखास होतं. पार्किंगमध्ये गाडी जरा पुढे-मागे केली, इतकंही पुरतं. यावर उपाय साधा आहे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीएम याचा अर्थ ओळखतो आणि इंजेक्टर बंद ठेवतो. नुसती हवा आत जाते, सिलिंडर कोरडे होतात. इंजिनाने पेट घेतला की पाय लगेच सैल सोडा. बटणाच्या काही गाड्यांत हे चालत नाही. तिथे प्लग काढून वाळवावे लागतात.

करंट आहे का, हे बघताना प्लग हातात धरून बॉडीला टेकवायची जुनी पद्धत आता सोडून द्या. आजच्या कॉइल २० हजार व्होल्टच्या वर जातात. झटका तर बसतोच, शिवाय प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि शेजारी ठिणगी पडत असते. पंपाचा फ्यूज काढून, ठिणगी तपासायचं साधं टेस्टर लावून बघावं. चार सिलिंडरना चार कॉइल असतील, तर चारही एकदम मरणं जवळपास अशक्य. म्हणून एकाही प्लगला करंट नसेल, तर कॉइल बदलायच्या नादी न लागता सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीकडे वळायचं. ती बहुतेक वेळा क्रँक सेन्सर असते.

क्रँक सेन्सर: बोटाएवढा पार्ट, सगळा खोळंबा

पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याबरोबर, म्हणजे क्रँकशाफ्टबरोबर, फिरणाऱ्या दातेरी चाकाजवळ हा सेन्सर बसवलेला असतो. चाकाचे दाते समोरून जाताना तो विजेची लहर पाठवतो, आणि एके ठिकाणी मुद्दाम दाते गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की ईसीएमला पिस्टनची जागा कळते. हा संदेश आला नाही, तर ईसीएमच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग तो ना इंजेक्टर उघडतो, ना करंट सोडतो. प्लग कोरडे, करंट गायब, पंप मात्र चावी ऑन केल्यावर व्यवस्थित गुणगुणतो. ही लक्षणं एकत्र दिसली की संशय इथेच जायला हवा.

या सेन्सरच्या बिघाडाची एक ओळखू येणारी तऱ्हा आहे. तो गरम झाला की दगा देतो. कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना गाडी काहीही न सांगता एकदम बंद पडते, जणू चावी फिरवून बंद केली. सेल्फ फिरतो, चालू होत नाही. अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलं की पहिल्या फटक्यात चालू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत इंजिन थंड झालेलं असतं, सगळं ठीक दिसतं, आणि मग "पेट्रोलमध्ये कचरा असेल" म्हणून फिल्टर बदलून गाडी परत दिली जाते. पुढच्या घाटात तेच. अशा गाडीत मेकॅनिकला बिघाड घडत असतानाच स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र) लावायला सांगा आणि सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा बघा. सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण दोनशे ते तीनशे फेरे देतो. स्कॅनरवर तिथे शून्य दिसत असेल, तर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा त्याची वायर यांपैकी एक दोषी आहे. काही गाड्यांत मीटरवरचा आरपीएमचा काटाही सेल्फ मारताना किंचित हलतो. तो जागचा हलला नाही तर तीही एक खूण.

वायर म्हटलं की उंदीर आलेच. पावसाळ्यात आणि थंडीत उबेला ते इंजिनावर येतात आणि वायरीचं आवरण कुरतडतात. सेन्सर नवा घालूनही संदेश मिळत नसेल, तर वायरिंग हातभर मागेपर्यंत बोटांनी चाचपून बघितलं पाहिजे. एअर फिल्टरची डबीही उघडा. त्यात कागद, कापूस, शेंगांची टरफलं भरून घरटं केलेलं आढळतं आणि इंजिनाची हवाच कोंडलेली असते. बरेच लोक बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवतात. मला जाळी आणि नियमित तपासणी यांवर जास्त भरवसा वाटतो, आणि पाच-सहा दिवस उभी राहणारी गाडी मधूनमधून बॉनेट उघडून बघावी.

डिझेलचं गणित वेगळं

डिझेल गाडीत प्लगची ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं ना, तसंच सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंड इंजिनाला मदत म्हणून ग्लो प्लग असतात. मीटरवर स्प्रिंगसारखी खूण विझेपर्यंत थांबायचं ते त्यासाठीच.

इथे तपासणीची सुरुवात सायलेन्सरकडे बघून करा. सेल्फ मारताना मागून पांढरट-करडा धूर येत असेल, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही: ग्लो प्लग किंवा कॉम्प्रेशन. धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोचतच नाही. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेलमधून) डिझेल जातं त्या गाडीत, इंजेक्टर उघडण्याआधी रेलमध्ये ठरावीक दाब तयार व्हावा लागतो, बहुतेक गाड्यांत साधारण २०० बारच्या आसपास. तो झाला नाही तर ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनरवर हा आकडा थेट दिसतो. दाब न होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: फिल्टर तुंबला, फिल्टरमध्ये पाणी साचलं, किंवा लाइनने एअर घेतली. डिझेल पूर्ण संपेपर्यंत चालवलेल्या गाडीत एअर शिरतेच. मग पाच लिटर घातलं तरी चालू होत नाही. फिल्टरवरचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबून एअर काढावी लागते. हे सगळं ठीक असून दाब होत नसेल, तर गळके इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप. तिथून पुढे खर्च मोठा असतो.

डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं, तर चावी ऑनसुद्धा करू नका. डिझेल हेच त्या पंपाचं वंगण. पेट्रोलने तो कोरडा घासतो आणि धातूचा चुरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो. तिथूनच टो करून टाकी रिकामी करून घ्या.

कॉम्प्रेशनचा निकाल

पेट्रोल आहे, करंट आहे, प्लग ओले होतायत, तरी पेट नाही. आता गेज लावायचं. सगळे प्लग काढून, पंपाचा फ्यूज काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. धडधाकट पेट्रोल इंजिन प्रत्येक सिलिंडरला साधारण १० ते १३ बार दाखवतं. सातच्या खाली आलं की चालू होणं कठीण. एखादाच सिलिंडर कमी असेल तर गाडी चालू होईल पण थरथरेल. अजिबात चालू न होण्यासाठी बहुतेक सगळेच कमी असावे लागतात, आणि तेव्हा टायमिंग बघायचं. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट.

पाण्यात बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून दर पावसाळ्यात कुठे ना कुठे तेच होतं. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला वरची एकही तपासणी लागू नाही. सेल्फ मारायचाच नाही. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. बॅटरीची वायर काढा, गाडी टो करा, प्लग काढून पाणी बाहेर घालवून आणि ऑइल बदलूनच पुढे जा. नेहमीच्या विम्यात असं इंजिनाचं नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घेतलेलं असलं तरी पाण्यात पुन्हा सेल्फ मारल्याचं दिसलं, तर दावा अडकू शकतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर

स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०३३५ आला म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सेन्सरच गेला असं त्यातून सिद्ध होत नाही, वायरही तुटलेली असू शकते. पी०३४० कॅम सेन्सरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचा), पी०२३० पंपाच्या सर्किटचा, पी००८७ रेलच्या कमी दाबाचा. स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल, तर तीही मोठी माहिती आहे: वीज किंवा अर्थ तपासा. आणि कोड अजिबात नसेल, तरी दोष असू शकतो. टाकी रिकामी असल्याचा किंवा पेट्रोलमध्ये पाणी असल्याचा कोड येत नाही.

"प्लग बदलू, नाही झालं तर पंप बदलू, नाही झालं तर ईसीएम पाठवू," अशी भाषा ऐकू आली की मला त्या गाडीवाल्याची काळजी वाटते. पंप बदलायचा म्हणतायत? दाब किती बार आला ते विचारा. इंजिन खोलायचं म्हणतायत? चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन कागदावर लिहून मागा. ईसीएम गेला म्हणतायत? त्याच्या पिनवर १२ व्होल्ट आणि अर्थ मिळतोय हे मीटर लावून दाखवायला सांगा. जाणत्या मेकॅनिकला असे प्रश्न आवडतात, कारण त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. आणि फोन करताना त्याला "गाडी बंद पडली" एवढंच न सांगता असं सांगा: "दादा, सेल्फ जोरात फिरतोय, आवाजात ठेका आहे, चेक इंजिन लाइट लागतोय, चावीचा दिवा विझतोय, मागून पंपाचा आवाज येत नाही, फ्यूज चांगला आहे." एवढं ऐकल्यावर तो निघताना रिले, टेस्ट लॅम्प आणि प्रेशर गेज बरोबर घेऊन येईल.